केळीचा खुंट म्हणजे माणसाचा हात नव्हे

महोदय,

नुकत्याच झालेल्या एका शस्त्रप्रात्यक्षिकात तरुणांनी तलवारीने केळीचे खुंट सपासप छाटले आणि निवेदक म्हणाले, ‘हात असाच तुटतो.’ दांडिया बाजारात मी मुलांना पट्टा शिकवतो, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

केळीच्या खुंटात पाणी आणि पोकळ पदर असतात. बोथट पातेही त्यातून पार जाते. जपानात चटईची गुंडाळी भिजवून उभी करतात आणि हाडाच्या जागी आत हिरवा बांबू घालतात. धार जरा तिरकी पडली की पाते बांबूत रुतते, मनगटाला हिसका बसतो. काप पाहिला की हात कळतो: सरळ वाराचा काप सपाट, वाकड्याचा मध्ये खोलगट. (एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, तिथे ही परीक्षा देहदंड दिलेल्यांच्या प्रेतांवर होई. आपल्याला बांबूच पुरे.)

धारेचे महत्त्व इंग्रजांनाही आपल्याच लोकांनी शिकवले. निजामाचे स्वार हातपाय छाटत ते इंग्रजांनीच टाकून दिलेल्या पात्यांनी, असे ब्रिटिश घोडदळातल्या कॅप्टन नोलनने १८५३ साली लिहिले. ती पाती धारदार करून लाकडी म्यानात जपलेली असत.

आणखी एक. आपल्या जुन्या तलवारींची मूठ राळ-लाखेने बसवलेली असते. ती सैल झाली की वारासरशी पाते निसटते. त्या दिवशी पहिल्या रांगेत लहान मुले मांडी घालून बसली होती! आयोजकांनी प्रत्येक मूठ आधी तपासावी, दोरी बांधून प्रेक्षकांना लांब बसवावे आणि बांबूवर वार करून दाखवावेत.

– पट्ट्याचा एक शिक्षक, वडोदरा