माळ्यावरचे जुने कागद रद्दीत घालायच्या आधी आम्हाला द्या

नमस्कार मंडळी, आमचं सांताक्रूझ-जुहू भागातलं छोटंसं मंडळ आहे, बहुतेकजणी एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या माजी विद्यार्थिनी, आणि सध्या आम्ही एकच काम हातात घेतलंय, एसएनडीटीच्या स्त्री अभ्यास केंद्राच्या सुरवातीच्या काळातलं जे काही कुणाकुणाच्या घरी पडून आहे ते गोळा करायचं. पैसे तर लागणारच आहेत, पण त्याआधी तुमच्या घरातले कागद हवेत.

एसएनडीटी म्हटलं की अण्णा कर्वे, १९१६ साल, उद्योगपती ठाकरसींची १५ लाखांची देणगी एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण १९७४ मधे डॉ. नीरा देसाईंनी तिथे स्त्रियांच्या प्रश्नांवरच्या संशोधनाचं युनिट सुरू केलं, तेच पुढे स्त्री अभ्यास केंद्र झालं, आणि भारतातल्या विद्यापीठांमधलं ते असं पहिलंच, हे आमच्याच कितीतरी मैत्रिणींना माहीत नसतं आणि त्याचं खरंच वाईट वाटतं.

तो काळ बघा ना. मुंबईत मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकरांच्या मागे बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या, आणि १९७४ च्या शेवटी केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचा स्त्रियांच्या स्थितीवरचा अहवाल आला, त्यात दिसलं की १९०१ साली दर हजार पुरुषांमागे ९७२ बायका होत्या त्या १९७१ मधे ९३० वर आल्या. म्हणजे स्वातंत्र्य मिळालं, शाळा-कॉलेजं वाढली, आणि बायका कमी झाल्या! असं का झालं ते कुठल्याही एका विषयाच्या मास्तरला सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हणून नीराबेन स्वतः समाजशास्त्राच्या असल्या तरी केंद्राचं काम एका विषयात बसणारं नव्हतंच, पुढे तिथे संचालक झालेल्या मैत्रेयी कृष्णराज अर्थशास्त्र शिकलेल्या, आणि इतिहास, कायदा, आरोग्य सगळ्याचीच गरज पडायची.

हे नुसतं म्हणायला नाही. जनगणनेचा माणूस दारात येऊन विचारतो, बाई काय काम करतात? घरातून उत्तर येतं, काही नाही, घरीच असते. आणि ही बाई पहाटे पाणी भरते, सरपण आणते, गुरांचं बघते, शेतात निंदणी करते, वर पापड लाटून देते. कागदावर मात्र बिनकामाची. आता तिचे तास मोजायला अर्थशास्त्र पाहिजे, ती स्वतःच काही नाही का म्हणते ते समजायला समाजशास्त्र, जमीन तिच्या नावावर का नाही ते बघायला कायदा. आमच्या मते तरी केंद्राचं सगळ्यात मोठं काम हेच, वेगवेगळ्या विषयांच्या लोकांना एका बाईच्या दिवसाभोवती बसवणं.

एप्रिल १९८१ मधे स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद एसएनडीटीतच भरली, त्यातूनच १९८२ मधे स्त्री अभ्यासाची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. नंतर यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मदतीने ठिकठिकाणी केंद्रं निघाली, पुणे विद्यापीठातलं १९८७ चं. आज नीराबेन नाहीत, २००९ मधे गेल्या, आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या बायका आता सत्तरी-ऐंशीत आहेत. म्हणून घाई आहे हो.

छापील पुस्तकं लायब्ररीत मिळतात. आम्हाला हवंय ते बाकीचं. सायक्लोस्टाइल केलेली, म्हणजे स्टेन्सिलवरून छापलेली पत्रकं, परिषदेचे बिल्ले, फोटो, मुलाखतींच्या कॅसेटी, सर्व्हेचे भरलेले फॉर्म, एकमेकींना लिहिलेली पत्रं. सायक्लोस्टाइलचा कागद हलका असायचा, आता पिवळा पडून घडीवरच तुटतो, टाचणीच्या गंजाने अक्षरं खाल्लेली असतात, आणि कॅसेटच्या फितीवर मुंबईच्या पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते. कृपा करून अशी कॅसेट घरी वाजवून बघू नका, फीत तुटते, तशीच द्या. टाचण्याही ओढून काढू नका.

पैसे लागतील ते चांगला स्कॅनर, कॅसेटचं डिजिटल करून घेणं आणि कागद ठेवायच्या खास पेट्या यासाठी. १०० रुपये दिले तरी चालतील, पावती मिळेल, आणि हिशोब मंडळाच्या सभेत सगळ्यांसमोर ठेवू. ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांनी वेळ द्या, मराठी-गुजराती दोन्ही वाचता येणाऱ्या मुली तर फारच हव्यात, ऐकून टाइप करायचं काम भरपूर आहे. कुणाची आई, आत्या, मावशी त्या काळात केंद्रात शिकली असेल, सर्व्हेला गेली असेल, नुसती टायपिस्ट म्हणून असेल तरी सांगा, आम्ही घरी येऊन त्यांच्याशी बोलू, रेकॉर्ड करायचं की नाही ते त्याच ठरवतील.

मूळ कागद द्यायचे नसतील तर स्कॅन करून परत आणून देऊ, आणि पत्रात कुणाच्या घरचं खाजगी काही असेल तर ते तुम्हाला विचारल्याशिवाय कुणालाही दाखवणार नाही. मंडळातल्या कुणालाही निरोप द्या, बोचकं उचलायला आम्ही येतो, पावसाळ्याच्या आत झालं तर बरं.