संगत बाजू दाखवणाऱ्या आकृत्यांसाठी आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

एकरूप, म्हणजे आकाराने आणि मापाने तंतोतंत सारख्या, त्रिकोणांच्या सरावपत्रिकेसाठी तुम्ही सगळ्या आकृत्या नव्याने काढून दिल्यात, त्याबद्दल आम्हा शिकवणाऱ्यांकडून मनापासून आभार. जुन्या आकृत्यांत दोन्ही त्रिकोण सारखेच, शेजारी शेजारी उभे असत. डावा कोपरा डाव्याशी जोडला की उत्तर बरोबर येई, त्यामुळे संगती, म्हणजे एका त्रिकोणाचा कोणता शिरोबिंदू दुसऱ्याच्या कोणत्या शिरोबिंदूशी जुळतो ते, शोधावी लागते हे मुलांना कळायला वावच नव्हता. तुम्ही दुसरा त्रिकोण कुठे फिरवलात, कुठे पालथा केलात, आणि डाव्या-उजव्याचा आधार गेला.

५, ६ आणि ७ सेमी बाजूंची जोडी फार उपयोगी आहे. नुसती फिरवून ती जुळत नाही. ट्रेसिंग पेपरवर उतरवलेला त्रिकोण उलटा करावा लागतो. सुरुवात मात्र सोपी: दोन्हीकडची ७ सेमीची बाजू धरायची, तिच्यासमोरचे शिरोबिंदू जोडायचे, मग ५ सेमीच्या बाजूसमोरचे. तिसरी जोडी उरतेच. तीन शिरोबिंदूंच्या एकूण ६ संगती होतात, त्यातली इथे एकच चालते.

सगळ्यात मोलाची आकृती समांतरभुज चौकोनाची. अबकड, अब ६ सेमी, बक ४ सेमी, मध्ये कर्ण अक. अक सामाईक, म्हणून अ ची जोडी अ शी आणि क ची क शी लावून पटकन लिहिलं जातं: △अबक ≅ △अडक. ≅ म्हणजे ‘एकरूप’, आणि दोन्हीकडच्या अक्षरांचा क्रमच संगती सांगतो. यातली पहिली दोन अक्षरं वाचा. अब = अड, म्हणजे ६ = ४! बरोबर लेखन △अबक ≅ △कडअ. सामाईक बाजू स्वतःशीच संगत असते खरी, पण इथे टोकांची अदलाबदल होते. ∠बअक चा जोडीदार ∠डकअ, कारण अब आणि डक समांतर आहेत आणि हे व्युत्क्रम कोन, म्हणजे त्या समांतर बाजूंमधले, अक च्या दोन विरुद्ध अंगांचे समान कोन, आहेत. तुम्ही दोन्ही त्रिकोण बाजूला सुटे काढलेत, अक दोन्हीकडे एकाच रंगात, टोकांवर अक्षरांसह. तिथे चूक समजावून सांगावी लागत नाही, दिसते.

दिलेल्या घटकांवर काळ्या खुणा आणि एकरूपता सिद्ध झाल्यावर मिळालेल्या घटकांवर लाल, ही सूचनाही तुमचीच. बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीला दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन पुरतो. उरलेले तीन घटक नंतर मिळतात. मुलं ते आधीच वापरून टाकतात, आणि सिद्धता गोल फिरते. लाल खूण कारणांच्या रकान्यात शिरली की ते लगेच पकडता येतं.

आणि एकरूप समद्विभुज त्रिकोणांचं पान! अब = अक आणि पम = पन असताना △अबक ≅ △पमन आणि △अबक ≅ △पनम ही दोन्ही उत्तरं तुम्ही उत्तरसूचीत ठेवायला लावलीत. ज्या मुलांनी दुसरं लिहिलं, त्यांच्या वहीतली चुकीची फुली त्यामुळे वाचली.

आपले,
भूमिती शिकवणारे आम्ही सर्व