व्यावसायिक गोल्फपटूंना मैदान फुकट कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किनाऱ्यालगतच्या एखाद्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, गोल्फचे मैदान व्हावे का, यावर आपल्या वाचकपत्रांतून बरेच दिवस उलटसुलट लिहिले जात आहे. त्यातल्या एका पत्रात सुचवले होते की मैदान झालेच तर व्यावसायिक खेळाडूंना तिथे कायम मोफत खेळू द्यावे. ते आले की कोकणाचे नाव होईल आणि नावामागून पर्यटक येतील, असा त्यामागचा हिशेब. मैदान व्हावे की नाही हा वाद तूर्त बाजूला ठेवतो, पण या सूचनेला माझा ठाम विरोध आहे. मी राजापूर तालुक्यातला. नोकरीची सगळी वर्षे मुंबईतल्या एका गोल्फ क्लबात गवत राखण्यात गेली, म्हणून हे पत्र.

आधी एक स्पष्ट करतो. स्पर्धा चालू असते तेव्हा खेळाडूकडून ग्रीन फी, म्हणजे मैदानावर खेळण्याचे पैसे, घेत नाहीत आणि घेऊही नये. त्या आठवड्यात मैदान आयोजकांच्या ताब्यात असते आणि प्रायोजकांचा पैसा त्याच्याच खेळावर आलेला असतो. माझे म्हणणे आहे ते वर्षातल्या बाकीच्या दिवसांबद्दल, म्हणजे सरावाबद्दल.

हा सराव मैदानाला काय पडतो, ते बाहेरून बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ग्रीन म्हणजे झेंड्याभोवतीचा तो गुळगुळीत तुकडा. तिथले गवत आम्ही तीन-चार मिलिमीटरवर राखायचो. उजाडायच्या आत लांब बांबू फिरवून दव झाडायचे, मग कापणीचे यंत्र, मग होल कटरने नवा होल पाडून जुना बुजवायचा. होलचा व्यास सव्वाचार इंच, जगात कुठेही गेलात तरी तेवढाच. जागा मात्र बदलत राहावी लागते, नाहीतर पायांनी कडा दबते आणि भोवतालचे गवत बसते. सभासद सकाळी येतो, अठरा होल खेळतो आणि घरी जातो. व्यावसायिक खेळाडू एकाच ठिकाणाहून वीस-वीस चेंडू मारतो, पुन्हा चार पावले सरकून वीस. प्रत्येक फटक्याला तळहाताएवढा गवताचा पापुद्रा मातीसकट उडतो. चेंडू उंचावरून ग्रीनवर पडला की खळगा पडतो. तो तिथल्या तिथे काट्याने कडा आत ओढून बसवला तर गवत दोन-चार दिवसांत सावरते, तसाच सोडला तर दोन-तीन आठवडे पिवळा डाग राहतो.

व्यावसायिक मंडळी आपले खळगे स्वतः बुजवतात, सभासदांपेक्षा कितीतरी मनापासून, हेही सांगितले पाहिजे. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. तरीही दोन तासांच्या सरावाने ग्रीनच्या एका बाजूची चाळण होते आणि ती भरायला वाळू, खतमाती, बी आणि एका माळ्याची सबंध दुपार जाते. त्या दुपारचे पैसे खेळाडूने दिले नाहीत तर ते सभासदांच्या वर्गणीतून येतात. वर्गणी वाढवायची नसली की खाली काय होते ते मी पाहिले आहे. रिकाम्या झालेल्या जागा भरल्या जात नाहीत, कंत्राटी पोरांचा पगार लांबतो, आणि मुकादम उरलेल्या माणसांनाच दुप्पट पळवतो.

मोफत खेळण्याची ही पद्धत मुळात आली कुठून, हेही बघायला हवे. ब्रिटनमध्ये सुरुवातीचा व्यावसायिक गोल्फपटू हा क्लबाचा नोकर होता. तो काठ्या घडवायचा, दुरुस्त करायचा, सभासदांना शिकवायचा, आणि रिकाम्या वेळी त्याला मैदानावर खेळू देत. ते खेळणे त्याच्या मजुरीचाच भाग होते. मान असा नव्हताच. १९२० साली इंग्लंडमध्ये डील येथे ब्रिटिश ओपन झाली, तेव्हा व्यावसायिकांना क्लबहाउसात पाऊल ठेवायला मज्जाव होता. अमेरिकेचा वॉल्टर हेगन दारासमोर भाड्याची आलिशान मोटार उभी करून तिच्यात कपडे बदलायचा. त्याच वर्षी अमेरिकेत टोलेडोच्या इन्व्हर्नेस क्लबने यू. एस. ओपनच्या वेळी व्यावसायिकांना क्लबहाउस उघडे केले, तर खेळाडूंनी आपसात पैसे जमवून क्लबाला एक मोठे घड्याळ भेट दिले. इतक्या साध्या वागणुकीचेही त्यांना केवढे अप्रूप होते, ते यावरून कळते.

पुढे शिकवणारे आणि स्पर्धा खेळणारे यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. अमेरिकेत १९६८ मध्ये स्पर्धा खेळणाऱ्यांनी प्रशिक्षकांच्या संघटनेपासून वेगळी चूल मांडली. आज अमेरिकेतल्या प्लेअर्स चॅम्पियनशिप या स्पर्धेची एकूण बक्षिसे २.५ कोटी डॉलरची आहेत आणि विजेत्याला त्यातले ४५ लाख डॉलर मिळतात. क्लबात दिवसभर पोराबाळांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला मैदान मोफत असणे मला पटते, तो त्याचा मोबदला आहे. पण नोकराची ती सवलत या कोट्यधीशाने कोणत्या नात्याने घ्यायची? तिकडे नामवंत खेळाडूने एक फोन केला की बहुतेक क्लब पैसे न घेता खेळायला बोलावतात. खाजगी क्लबाने आपल्या खिशातून पाहुणचार करावा, त्याला माझी हरकत नाही. सरकारी जमिनीवर, सरकारी पाण्यावर उभ्या राहणाऱ्या मैदानाने तसे करू नये.

रत्नागिरीत सावरकर नाट्यगृहात प्रयोग लावणारी नाटक कंपनी भाडे भरते. नट कितीही नावाजलेला असो, त्याच्यामुळे बाहेर हाउसफुल्लचा बोर्ड लागो, भाडे चुकत नाही. कारण तिकिटाचे पैसे कंपनीला मिळणार असतात आणि पडदा, दिवे, झाडलोट नाट्यगृहाला करावी लागते. भाडे हा कंपनीच्या धंद्याचा खर्च आहे, तसाच सराव हा व्यावसायिकाच्या धंद्याचा.

सार्वजनिक मैदाने नीट चालवता येतात याची उदाहरणे आहेत. न्यूयॉर्क राज्याच्या मालकीच्या बेथपेज ब्लॅकवर २००२ आणि २००९ मध्ये यू. एस. ओपन झाली. तिथे राज्यातल्या रहिवाशाला दर कमी आणि बाहेरच्याला जास्त आहे, आणि खेळायची वेळ मिळावी म्हणून लोक रात्री गाडीतच झोपून पहाटेची रांग धरतात. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचे ओल्ड कोर्स गोल्फची पंढरी समजले जाते. तेही सार्वजनिक आहे. रविवारी तिथे खेळ बंद असतो आणि गावकरी त्या हिरवळीवर फिरायला येतात. आमच्या सड्यावरही असा एक दिवस गावाचा असावा असे मला फार वाटते.

आता अपवाद. आपल्याकडे व्यावसायिक म्हटला की तो श्रीमंतच असेल असे नाही. दोन फेऱ्यांनंतर कट चुकला, म्हणजे पुढच्या फेऱ्यांसाठी निवड झाली नाही, की त्याच्या हाती एक रुपया पडत नाही. प्रवास, राहणे, काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या कॅडीची मजुरी सगळे अंगावर. शिवाय यांतले कितीतरी जण कॅडी किंवा आगेवाले म्हणूनच मैदानावर आले. दुसऱ्याचा चेंडू कुठे पडतो ते बघत उन्हात धावणारी ही पोरे. आमच्या क्लबात सोमवारी सभासदांना मैदान बंद असे आणि त्या दिवशी कॅडींना खेळू देत. कुणाची तरी टाकून दिलेली काठी, पकड सुटलेली म्हणून सायकलच्या ट्यूबने गुंडाळलेली, आणि तिच्याने असा सरळ फटका जायचा की आम्ही यंत्र थांबवून बघत राहायचो. दिल्लीत कॅडी म्हणून वाढलेला अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला. ती स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. एस. एस. पी. चौरसियाचे वडील १८२९ साली स्थापन झालेल्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात ग्रीन राखायचे. मुलाने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोनदा इंडियन ओपन जिंकली. ही माणसे खेळाडू झाली कारण कुणीतरी त्यांना पैसे न मागता गवतावर उभे राहू दिले. मोफत द्यायचेच तर ते इथे द्या. गावातल्या मुलांना, मैदानावर राबणाऱ्यांच्या मुलांना आणि ज्याची वर्षाची कमाई ठरावीक रकमेच्या आत आहे अशा व्यावसायिकाला सरावाचे पैसे लावू नयेत. बाकी सगळ्यांनी पूर्ण दर भरावा.

कोकणात हा प्रश्न जास्त टोकदार होतो तो पाण्यामुळे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभा पाणी धरून ठेवत नाही. सड्यावर जेमतेम वीतभर माती, तीही जागोजाग. गोल्फचे गवत लावायचे तर माती बाहेरून आणून पसरावी लागेल आणि दिवाळीनंतर पाऊस येईपर्यंत पाणी देत राहावे लागेल. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे वरच्या वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते, ते आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. त्या दिवसांत मैदानावर फवारे चालणार असतील, तर त्या पाण्याची किंमत तिथे खेळणाऱ्याकडून वसूल झालीच पाहिजे. वाडीतली बाई हंडा घेऊन उभी असताना पाहुण्याला ते पाणी भेट म्हणून देण्याचा अधिकार मैदान चालवणाऱ्याला नाही.

राहिला प्रसिद्धीचा मुद्दा. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून कुणी मोठा माणूस आला की भरभराट होईल असे आम्ही ऐकत आलो आहोत. एखाद्या खेळाडूच्या नावाने खरोखर गर्दी होणार असेल, तर जाहिरातीचा रीतसर करार करावा, त्याचे मानधन हिशेबात दाखवावे आणि ग्रीन फीची पावती वेगळी फाडावी. दोन्ही गोष्टी एकात मिसळल्या की जाहिरात किती झाली हे कुणी मोजत नाही आणि खेळणे मात्र वर्षानुवर्षे फुकट चालू राहते. पुढे खेळाडूबरोबर त्याचे मित्र, मग प्रायोजकाचे पाहुणे, मग कुणाचे तरी मेहुणे. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

सिडकोने खारघरला सार्वजनिक गोल्फ मैदान उभारले, त्यामुळे सरकारी यंत्रणेला हा विषय अगदीच नवा नाही. कोकणात पुढे जो प्रस्ताव येईल त्यात दरपत्रक पहिल्या दिवसापासून जोडलेले असावे. स्थानिकाला किती, बाहेरच्याला किती, व्यावसायिकाला किती, माफी कुणाला आणि ती कोण मंजूर करणार, हे मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे आणि ग्रामसभेत वाचून दाखवावे. माळी आणि कॅडी यांचे पगार कोणत्या जमेतून होणार, तेही त्याच कागदावर असावे. ज्या पत्रलेखकांनी मोफत खेळाची सूचना केली आहे, त्यांनी या शेवटच्या रकान्यात काय भरायचे ते आपल्या पुढच्या पत्रात जरूर लिहावे.

आपला,
एक निवृत्त मैदान कर्मचारी
ता. राजापूर, जि. रत्नागिरी