संदेशाच्या सीडी घरोघर वाजू लागल्या, त्याबद्दल आभार

प्रिय दादा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

आपल्या मंडळीतल्या ज्या वडीलधाऱ्यांना रविवारी उपासनेला येणं झेपत नाही, त्यांच्या घरी आता संदेशाची सीडी वाजते आणि शेवटच्या प्रार्थनेपर्यंत न अडकता वाजते. हे तुमच्यामुळे झालं. समोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र. दुसऱ्या मंडळ्यांना हे काम हाती घ्यायचं असेल तर तुमची पद्धत त्यांनाही मिळावी, असंही आम्हाला वाटतं.

सगळ्यात आधी आभार एका प्रश्नाचे. मशीन कोणतं घ्यायचं, यावर आमची चर्चा चालू असताना तुम्ही विचारलंत, ‘सीडी ऐकणार कोण आणि कशावर?’ उत्तर सोपं होतं: टीव्हीखाली ठेवलेला जुना डीव्हीडी प्लेअर, रिमोट हरवलेला, लेन्सवर धूळ. पुढचं सगळं तुम्ही त्या प्लेअरकडे बघून ठरवलंत.

तासाभराचा संदेश एकाच ट्रॅकमध्ये टाकला, तर मध्येच वीज गेल्यावर आजींना परत पहिल्यापासून ऐकावं लागतं. साधा प्लेअर जागा लक्षात ठेवत नाही. म्हणून तुम्ही दर 5 मिनिटांना ट्रॅक तोडायला लावलात, तोही पाळकसाहेब श्वास घेतात तिथे आणि बरोबर फ्रेमवर. सीडीवर एका सेकंदात 75 फ्रेम असतात, प्रत्येक फ्रेममध्ये आवाजाची 588 सॅम्पल (मोजमापं). कट अधेमधे पडला की उरलेली फ्रेम शांततेने भरली जाते आणि जोडावर ‘टिक’ ऐकू येतं. शिवाय बर्न करताना (सीडीवर लिहिताना) डिस्क-अ‍ॅट-वन्स (सगळी सीडी न थांबता एकाच दमात लिहिणं) निवडायचं आणि दोन ट्रॅकमधलं अंतर शून्य ठेवायचं. ट्रॅक-अ‍ॅट-वन्स (एकेक ट्रॅक सुटा लिहिणं) राहिलं तर दर पाच मिनिटांनी वाक्याच्या मध्ये 2 सेकंदांचा खड्डा पडतो. ऐकणाऱ्याला वाटतं, सीडीच खराब आहे.

रेकॉर्डिंगची शिस्तही तुमचीच. मिक्सरमधून 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवर घ्यायचं, आवाजाची टोकं उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवायची, म्हणजे ‘हालेलुया’ला आवाज फाटत नाही. मग 80 हर्ट्झच्या खालचं काढून टाकायचं. पुलपिटवर हात आपटल्याचा दणका आणि पंख्याची घरघर बरीचशी तिथेच जाते. सीडीसाठी 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट करणं हे सगळ्यात शेवटचं काम. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाइल मास्टरसाठी (ज्या मूळ फाइलवरून प्रती काढतो तिच्यासाठी) कधीही घ्यायची नाही, हा तुमचा नियम आम्ही भिंतीवर लावला आहे. एकदा दाबलेल्या फाइलमधला गेलेला आवाज सीडीवर परत येत नाही.

प्रतींबद्दल तर किती लिहावं! एकास सात डुप्लिकेटर (एका मास्टरवरून एकदम सात प्रती काढणारं मशीन), 16एक्स वेग (वाजण्याच्या सोळापट), भरलेल्या सीडीला साधारण 6 मिनिटं. 52एक्सवर घाई केली की बाहेरच्या कडेला चुका वाढतात आणि जुना प्लेअर नेमका तिथे अडखळतो. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे संदेशाचा शेवट आणि आशीर्वाद कडेलाच असतात. म्हणून तपासताना पहिला ट्रॅक ऐकून समाधान मानायचं नाही, शेवटचा ऐकायचा, आणि तोही कॉम्प्युटरवर न ऐकता स्वस्तातल्या जुन्या प्लेअरवर. एक तासाचा कार्यक्रम 80 मिनिटांच्या सीडीवर टाकला की कडेची पट्टी आपोआप मोकळी राहते, हे तुम्ही दाखवेपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

आणि तो मार्करचा आकडा! प्रत्येक सीडीच्या मधल्या पारदर्शक कड्यावर ती ज्या ड्राइव्हमध्ये बनली त्याचा नंबर, 1 ते 7. एखादी सीडी परत आली की कड्याकडे बघायचं. तीन परत आल्या आणि तिन्हींवर 4 असेल, तर लेझर थकलाय. तेवढा एक साटा (कॉम्प्युटरला लागणाऱ्या नेहमीच्या जोडणीचा) ड्राइव्ह बदलायचा, बाकी मशीनला हात लावायचा नाही. आकडा नसता तर कोरा माल, मास्टर आणि मशीन या तिघांवरही संशय घेत बसावं लागलं असतं. यूपीएसचा आग्रहही तुम्हीच धरलात. बर्न चालू असताना वीज गेली की सातही डिस्क वाया जातात, त्यांवर पुन्हा लिहिता येत नाही.

स्त्री संघाच्या भगिनी लेबलचं काम करतात, त्यांनी खास सलाम सांगितला आहे. सीडीत चकाकणारा थर वरच्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. बॉलपेनने नाव लिहिलं तर खालच्या चकचकीत बाजूला ओरखडाही न दिसता सीडी मरते. डीव्हीडीत तोच थर 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. चिकटवायचे कागदी लेबल तुम्ही बंदच केलेत: ते जरा तिरकं बसलं की डिस्क थरथरते आणि उन्हात सुटलं की गाडीच्या प्लेअरमध्ये अडकतं. आता पांढऱ्या प्रिंटेबल डिस्कवर इंकजेटने छापतो. आधी बर्न, मग तपासणी, मग छपाई. म्हणजे फसलेल्या डिस्कवर शाई जात नाही. पावसाळ्यात छापलेल्या डिस्क रात्रभर सुट्या ठेवल्याशिवाय पाकिटात घालत नाही.

डीव्हीडीचं थोडक्यात लिहितो. पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत), 720 बाय 576, दोन तासांच्या उपासनेला चित्राचा बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) 4.7 मेगाबिट, आवाज 192 किलोबिट. यात सगळं एका थराच्या डिस्कवर मावतं. दोन थरांच्या डिस्क जुन्या प्लेअरना जड जातात. एमपी4 नुसती कॉपी करून दिली तर बहुतेक जुने प्लेअर ती ओळखतच नाहीत, त्यामुळे रीतसर डीव्हीडी-व्हिडिओच बनवायची. मेनू कडेपासून आत घ्यायचा, कारण जुने टीव्ही चित्राच्या कडा कापतात. डिस्क घातली की काही न दाबता उपासना सुरू व्हायला हवी. रिमोट नाही, हे विसरायचं नाही.

गीतांच्या बाबतीत तुम्ही धरलेला आग्रह काहींना तेव्हा कडक वाटला, पण तो योग्यच होता. उपासनेत गीत गायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. त्याच्या प्रती काढून वाटणं वेगळं. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 साली प्रभूकडे गेले, आणि कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो, म्हणून त्यांचे शब्द आपल्या गायकवृंदाने निर्धास्त गावेत. हयात गीतकाराचं गीत असेल तर लेखी परवानगी मास्टरच्या फाइलला जोडायची. बाजारातला कराओके ट्रॅक मागे वाजला असेल तर ते गीत सीडीतून वगळायचं. देवाच्या कामासाठी आहे म्हणून दुसऱ्याची मेहनत न विचारता घ्यावी, हे तुम्हाला कधीच पटलं नाही.

प्रत्येक पाकिटात आता तुमच्याच शब्दांतली चिठ्ठी जाते: ‘पुसताना मऊ कापडाने मधून सरळ बाहेर पुसा, गोल पुसू नका.’ मधून बाहेर गेलेला ओरखडा प्लेअर सावरून घेतो, सीडीच्या गोल रेघेच्या दिशेने गेलेला सावरता येत नाही. ही चिठ्ठी जायला लागल्यापासून जुन्या सीडीसुद्धा पुन्हा मागितल्या जात नाहीत.

नाताळच्या गीतांचं मास्टर तयार आहे, परवानग्या जोडल्या आहेत. ड्राइव्ह क्रमांक 6 हल्ली तपासणीत मागे पडतोय. येताना एक साटा ड्राइव्ह आणाल का? पैसे खजिनदारांकडे काढून ठेवले आहेत. वहिनींना आणि मुलांना सलाम सांगा.

ख्रिस्तात तुमचे,
मंडळीचा रेकॉर्डिंग गट