मित्रास पत्र: आधी यादी, मग तांदूळ

फोंडा, गोवा
मे महिन्याचा शेवटचा आठवडा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. चर्चच्या समाजसेवा संस्थेत आपत्तीतली मदत आणि विकासकाम या दोन्हींची जबाबदारी तू घेतलीस, हे कळलं. घर देवळाच्या महाजनांचं आणि पगार इगर्जेच्या (चर्चच्या) संस्थेचा, म्हणजे दोन्हीकडचे लोक चार शब्द बोलतील. बोलू देत. अभिनंदनाचं सविस्तर गणेश चवथीला भेटल्यावर. पाऊस आठ-दहा दिवसांवर आलाय आणि तू विचारलंयस की पहिल्यांदा काय हातात घेऊ.

यादी घे. गोदाम, ताडपत्री, देणगीदारांचे फोन हे सगळं नंतर. पाणी चढलं की ट्रकभर तांदूळ चोवीस तासांत उभे करता येतात, पण ते कोणाच्या दारात उतरवायचे हे चोवीस तासांत ठरत नाही. ऐन वेळी ठरवायला बसलात तर ज्याचा आवाज मोठा त्याचं दार आधी लागतं आणि नदीकाठची एकटी म्हातारी राहून जाते. जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी, डिचोली, धारबांदोडा भागात मातीच्या भिंती बसल्या, तेव्हा घराबरोबर घरातले कागदही वाहून गेले. ज्याचं सगळं गेलं त्याच्याकडेच पुरावा नसतो. म्हणून कोरड्या दिवसांत, वाड्यावार, नोंद करून ठेवायची.

प्रत्येक वाड्यात तीन माणसं धर: पंचायतीचा पंच, देवस्थान समितीतला किंवा चॅपेलचं (लहान प्रार्थनाघराचं) बघणारा एक जण, आणि स्वयंसाहाय्य गटातली एक बाई. तिघांना एकत्र बसवू नकोस. प्रत्येकाकडून वेगळी यादी घे. तिन्हींत असलेली नावं सरळ धर. एकाच यादीत आलेल्या प्रत्येक नावाच्या घरी तुझा माणूस प्रत्यक्ष गेला पाहिजे. अनुभवी लोक सांगतात की बाईच्या यादीतलं एकटं नाव बहुधा खरं निघतं, कारण कोणाची चूल पेटत नाही हे तिलाच ठाऊक असतं. रकाने थोडेच ठेव: माणसं किती, पाच वर्षांखालची, साठीच्या वरची, गरोदर, अपंग, रोजच्या औषधावर असलेली (इन्सुलिनवाल्यांना वेगळी खूण), भिंत मातीची की चिऱ्याची, पाणी कुठपर्यंत येतं. धर्माचा रकाना नको. मग ती यादी पंचायतीच्या फलकावर आणि दुकानाच्या दाराशी दोन दिवस लाव. औषधांचे रकाने अर्थात झाकून. भांडणं होतील. मे महिन्यातलं भांडण स्वस्त पडतं.

एक चूल म्हणजे एक कुटुंब, हा नियम आधीच जाहीर कर. नाहीतर शिध्याच्या किटची बातमी लागली की एका घराची कागदावर तीन घरं होतात. आठ माणसांच्या चुलीला दीड किट दिलं की ती फाळणी निम्म्याने थांबते. भाड्याच्या खोल्यांत राहणारे कर्नाटक, ओडिशा, झारखंडचे मजूर गावकऱ्यांच्या यादीत कधीच येत नाहीत. त्यांचं रेशनकार्ड गावी असतं आणि इथे मत नसल्याने पंचालाही ते आठवत नाहीत. त्यांची नोंद घरमालकाकडून नव्हे, खोलीत जाऊन घे.

घराच्या कागदाचा आग्रह धरू नकोस. एक-चौदाचा (जमिनीच्या हक्कनोंदीचा) उतारा मागितलास की मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, बाद होतो, कारण जमीन भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, नावावर असते. कधीकधी घरपट्टीची पावतीसुद्धा आजोबांच्या नावाची असते. मदतीसाठी एवढंच पुरे की शेजारचे दोघे सांगतात, हा माणूस इथे राहतो. घर पुन्हा बांधून द्यायचं असेल तेव्हा मात्र कागद लागतो, आणि तो तलाठ्याकडे व मामलेदार कचेरीत महिनोन् महिने अडकतो. म्हणून त्या कामाची मुदत देणगीदाराला सांगताना कधीही सहा महिने सांगू नकोस.

आता धर्माबद्दल, कारण हे तुला सगळ्यात जास्त विचारलं जाणार. रेडक्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांची १९९४ ची आचारसंहिता सांगते की मदत गरजेनुसारच द्यायची आणि तिचा वापर कुठल्याही राजकीय वा धार्मिक भूमिकेच्या प्रसारासाठी करायचा नाही. तत्त्व सगळ्यांना मान्य असतं. चूक होते ती बारीकसारीक गोष्टींत. पिशवीत कोणीतरी प्रेमाने संताचं चित्र घालतं. वाटपाआधी दोन मिनिटं प्रार्थना होते. इगर्जेच्या आवारात रांग लागते आणि देवळाकडच्या वाड्यातल्या बायका येतच नाहीत. १५६० मध्ये जिथे पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, आलं त्या भूमीत चर्चकडून आलेल्या तांदळाच्या गोणीला तांदळापेक्षा जास्त अर्थ चिकटतात. त्या गोणी भरणाऱ्या बिचाऱ्या स्वयंसेवकाचा त्यात काही दोष नसतो, पण हे विसरून चालत नाही. वाटपाची जागा सरकारी प्राथमिक शाळा किंवा पंचायतीचं सभागृह. फादर आले तर त्यांनी गोणी उचलाव्यात, भाषण करू नये. बॅनर एकच आणि लहान. घेणाऱ्याच्या चेहऱ्याचा फोटो नको. देणगीदाराला पुरावा हवाच असेल तर सही-अंगठ्याचं रजिस्टर आणि भरलेल्या गोदामाचा फोटो दे. उलट बाजूने, चर्चची खरी ताकद मागे ठेवू नकोस: वाड्यावाड्यात चॅपेल, किल्ली कोणाकडे आहे हे माहीत असलेली माणसं, आणि पाणी ओसरल्यावरही तिथेच राहणारी. बाहेरच्या मोठ्या संस्थेला हे पैशाने मिळत नाही.

किटचा हिशेब तुझ्यासाठी करून ठेवतो. स्फिअर या आपत्तीतल्या मदतीच्या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे माणशी दिवसाला २१०० किलोकॅलरी. पाच जणांना दहा दिवस म्हणजे ५० माणूस-दिवस. तांदूळ २२ किलो, तूरडाळ ३ किलो, तेल दीड लिटर, साखर १ किलो: एवढ्यात माणशी २१०० च्या आसपास बसतं. आयोडीनयुक्त मीठ १ किलो वेगळं. सगळं मिळून साडेअठ्ठावीस किलो होतं आणि इथेच गफलत होते. चिखलातून वाड्यापर्यंत एवढं ओझं एका बाईला नेता येत नाही. दोन गोणी कर, दुसरी पाच दिवसांनी दे; त्या निमित्ताने यादीतली चूकही सुधारता येते. तांदूळ उकडेच घे. घाऊक व्यापारी पॉलिश केलेले पांढरे तांदूळ स्वस्तात देईल, पण पेज उकड्या तांदळाची लागते आणि नको असलेले तांदूळ आठवड्याने त्याच व्यापाऱ्याच्या दुकानात परत दिसतात. पहिले तीन दिवस मात्र कोरडा शिधा देऊच नकोस. सरपण भिजलेलं असतं, सिलिंडर वाहून गेलेला असतो. त्या दिवसांत पाव, पोहे, केळी आणि शाळेत शिजवलेली पेज.

ताडपत्री ४ × ६ मीटरची घे. २४ चौरस मीटर होतात. माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर धरलं तर पाच जणांना साडेसतरा लागतात, बाकीची उतारात आणि कडा बांधण्यात जाते. बाजारातली पातळ निळी ताडपत्री घेऊ नकोस. गोव्याच्या वाऱ्यात ती महिना काढत नाही. दोनशे जीएसएमच्या (चौरस मीटरला दोनशे ग्रॅम वजनाच्या) आसपासची पाहा. फाटते ती मधे नाही, कडीपाशी. कड्या दर मीटरला हव्यात, काठ दुमडून शिवलेला हवा, आणि सोबत तीस मीटर दोरी. दोरी न देता ताडपत्री देणाऱ्या संस्था आहेत, खोटं वाटेल तुला.

विहिरींबद्दल थोडं लांबवतो, कारण पुरानंतरचा आजार बहुधा तिथून सुरू होतो. पुराचं पाणी आत गेलेली विहीर पंपाने एका दमात उपसायची नाही. बाहेरची जमीन पाण्याने गच्च भरलेली असते. आतलं पाणी झपकन उतरलं की चिऱ्यांच्या कड्यावर बाहेरून दाब येतो आणि बांधकाम आत ढासळतं. खाजनाजवळ, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीजवळ, असेल तर खारं पाणी खेचलं जातं ते वेगळंच. थोडं उपसा, थांबा, पुन्हा उपसा. गाळ काढा, कठडा आणि आतल्या भिंती घासा, पाणी निवळू द्या. गढूळ पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकणं म्हणजे पावडर फुकट घालवणं, कारण क्लोरीन मातीतच खर्च होतं. मग मापं: व्यास ३ मीटर, पाणी ४ मीटर असेल तर ३ × ३ × ३.१४ × ४ ÷ ४, म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. चांगली पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणून ७० ग्रॅम. हे किमान झालं. पूर लागलेल्या विहिरीला जास्त लागतं, किती ते चाचणीच सांगते. पावडर बादलीत कालवायची, तिच्यातला चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणीच सोडायचं आणि बादली खालीवर करून ढवळायचं. तासाभराने क्लोरोस्कोपवर (क्लोरीन मोजायच्या साध्या संचावर) लिटरला अर्धा मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर पुन्हा. उघडी राहिलेली पावडरीची गोण पावसाळी हवेत दम सोडते, म्हणून लहान बंद डबेच साठव. आणि चिखल उपसणाऱ्या तुझ्या पोरांना गमबूट दे. लेप्टोचं (चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाचं) औषध मनाने वाटू नकोस, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरकडून ठरवून घे.

बाजार उघडला की वस्तू बंद कर आणि बँकेत पैसे दे. नाव जुळत नाही, खातं निद्रिस्त आहे, विलीनीकरणानंतर आयएफएससी बदललाय अशा अडचणी ठरलेल्या. आधी एक रुपया पाठवून पाहा.

पैशाचं. परदेशी देणगीच्या कायद्यात सप्टेंबर २०२० पासून दोन बदल झाले, ते पाठ कर. एक, परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला वर्ग करता येत नाही. पूर्वी मोठी संस्था पॅरिशला (एका इगर्जेच्या हद्दीतल्या समाजाला) किंवा गावच्या मंडळाला रक्कम द्यायची आणि काम तिथे व्हायचं. आता बिल तुझ्याच नावाने, माणूस तुझ्याच पगारावर. दोन, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. पैसा पहिल्यांदा उतरतो तो दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात, आणि त्या खात्यात स्थानिक पैसा चुकूनही जमा व्हायला नको. फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) वेळी जमलेली मदत एखादा भाबडा खजिनदार तिथे भरतो आणि वर्षभर उत्तरं देत बसावं लागतं. एफसी-४ हे परदेशी देणगीचं वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबरच्या आत. एवढंच, बाकी लेखापालाला विचार, पण दर महिन्याला विचार.

मदत संपली की सगळे म्हणतील खाजनाचा बांध बांधून देऊ. मन मोठं असतं, पण बांध एका कारणाने फुटत नाही. कधी खेकड्यांच्या बिळांनी पोखरलेला असतो, कधी बार्जच्या लाटांनी, आणि बऱ्याचदा मानशीमुळे, म्हणजे बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांमुळे. मानशीवरची मासेमारी पावणीने, म्हणजे लिलावाने, दिली जाते. घेणाऱ्याला कोळंबी हवी, म्हणून तो भरतीचं खारं पाणी हवं त्यापेक्षा जास्त आत घेतो, रात्री दारं उघडी ठेवतो. शेत खारावतं, एक शेतकरी पीक सोडतो, मग बांधाकडे बघणारं कोणी उरत नाही. तू फक्त माती आणि चिरे टाकलेस तर दोन वर्षांत पुन्हा तिथेच. आधी कुळांचा संघ, कोमुनिदाद (गावच्या सामाईक जमिनीची संस्था) आणि पावणीदार यांना एका टेबलावर आण; मानशीच्या दारांची किल्ली कोणाकडे आणि दारं कधी बंद, हे पावणीच्या अटींत लिहून घे. कृषी खात्याच्या मृद संधारण विभागालाही बोलाव, तांत्रिक अंदाज त्यांच्याकडून येऊ दे. काम जानेवारी ते मे. फुटलेली जागा भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, भरतीच्या दिवसांत बुजवायची, उधाणात घेतलीस तर टाकलेली माती रात्रीत वाहून जाते. मजुरी शेतमजुरीच्या वर देऊ नकोस, नाहीतर तुझ्याच बांधावर माणसं आणि शेजारचं शेत ओसाड. खारावलेल्या जमिनीत पहिल्या वर्षी कोरगुटसारखं खारं सोसणारं भातच लावायला सांग. मीठ पावसाच्या पाण्याने धुऊन निघायला काही हंगाम जातात आणि हे देणगीदाराच्या वार्षिक अहवालात कधीच नीट बसत नाही. त्याला आधीच सांग.

तक्रारीचा फोन नंबर वाटप करणाऱ्याकडे नको. फादरकडेही नको, कारण त्यांच्याविरुद्ध कोणी बोलणार नाही. कार्यालयात संस्थेशी नातं नसलेली एखादी निवृत्त शिक्षिका बसव आणि तिला थेट तुझ्यापर्यंत येऊ दे. बाईने किंवा मुलाबद्दल कोणी अत्याचाराची तक्रार केली तर ती आतल्या आत मिटवायची नाही. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची असेल तर पॉक्सो या बालसंरक्षण कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे.

ताडपत्रीची तीन कोटेशनं या आठवड्यातच घे आणि सप्टेंबर अखेरपर्यंतचा भाव लिहून घे. पहिला जोराचा पाऊस पडला की मडगावचे दुकानदार ओळख दाखवत नाहीत. गोदामात गोणी जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर लाव. रकान्यांचा कागद हाताने आखून सोबत जोडलाय. वाड्यांची नावं तू भर आणि पहिली यादी आली की फोन कर, रविवारी दुपारी घरीच असतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना मित्र