समोरचा आलाच नाही तर? कायदामंत्र्यांना खुले पत्र

मा. कायदामंत्री,
स.न.वि.वि.

तंटे ऑनलाइन मिटवायला एक पोर्टल हवं, असं कुणी म्हटलं की सगळे माना डोलावतात. पोर्टल उभं राहीलही. माझी विनंती एवढीच, की सॉफ्टवेअरची निविदा काढण्याआधी कायद्यात एक गोष्ट लिहून टाका: समोरचा पक्ष आलाच नाही तर काय?

युरोपीय संघाने २०१६ मध्ये ग्राहकांसाठी असा मंच सुरू केला. तक्रार मोफत, तीही आपापल्या भाषेत. पण व्यापाऱ्यावर उत्तर देण्याची सक्ती नव्हती. तंटा सोडवणाऱ्या कोणत्या संस्थेकडे जायचं यावर ३० दिवसांत दोघांचं जमलं नाही, की तक्रार आपोआप बंद. बहुतेक तक्रारी अशाच संपल्या आणि २० जुलै २०२५ ला मंचालाही टाळं लागलं.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं ऑनलाइन न्यायाधिकरणही २०१६ चंच. तिथे आधी आपसात बोलणी, मग मध्यस्थ, नाहीच जमलं तर निर्णय. प्रतिवादी गप्प बसला तर त्याच्याविना निकाल लागतो आणि न्यायालयात दाखल केला की न्यायालयाच्या आदेशासारखा बजावता येतो. फरक तंत्रज्ञानाचा नव्हता, मागे उभ्या असलेल्या कायद्याचा होता.

मात्र ‘आला नाही, निकाल विरुद्ध’ हे कलम तसंच्या तसं उचलू नका. मी मध्यस्थीचं काम करते. मध्यंतरी एक बाई फोन घेऊन आल्या. कर्जाच्या वादात त्यांच्याविरुद्ध ऑनलाइन लवादाचा निवाडा झाला होता, आणि हे त्यांना कळलं ते खातं गोठल्यावर. आम्ही दोघींनी मेल शोधले. सुनावणीच्या तीन नोटिसा, तिन्ही स्पॅममध्ये, न उघडलेल्या. लवाद कर्ज देणाऱ्या कंपनीनेच नेमलेला. संमती? कर्ज घेताना टिक केलेल्या एका चौकोनात. ज्याच्याशी भांडण, त्यानेच पंच निवडायचा, याला लवाद म्हणवत नाही.

म्हणून नोटिशीची बजावणी म्हणजे ‘मेल पाठवला’ नव्हे, ‘नोटीस पोहोचली’ हे कायद्याने स्पष्ट करावं. मेलला उत्तर नसेल तर फोन, मग कागदी नोटीस, आणि तरीही एकतर्फी निकाल लागलाच तर तो पुन्हा उघडून मागायला पुरेशी मुदत. लवाद तटस्थ यादीतून नेमला जावा, दोन्ही पक्षांपैकी कुणीही तो नेमू नये. वाद उद्भवण्याआधी घेतलेली चौकोनातली संमती सामान्य ग्राहकावर बंधनकारक धरू नये.

एक अनुभव जाता जाता. व्हिडिओ सुनावणीचं सगळ्यांना फार अप्रूप असतं. पडद्यावर साक्षीदाराची नजर सारखी बाजूला जाते, तिथून कोण उत्तरं पुरवतंय हे मला दिसत नाही. उलट नुसत्या लेखी देवाणघेवाणीत माणसं दोन तास थांबून उत्तर देतात, आणि त्या दोन तासांत अर्धा राग ओसरतो. छोट्या दाव्यांना लेखी मार्गच पहिला ठेवा.

अंमलबजावणीसाठी डोमेन नावांच्या, म्हणजे संकेतस्थळांच्या पत्त्यांच्या, तंट्यांकडे बघा. १९९९ पासूनच्या त्या पद्धतीत निर्णयानंतर दहा कामकाजाच्या दिवसांत कुणी न्यायालयात गेलं नाही, तर नोंदणी करणारी संस्थाच नाव हस्तांतरित करते; जिंकणाऱ्याला अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज (दरखास्त) घेऊन फिरावं लागत नाही. पैशाच्या दाव्यात हे इतकं सोपं नाही, मान्य. पण विक्रीचे पैसे ज्या ऑनलाइन विक्री मंचाकडे अडकलेले असतात, त्याला ते परत करायला लावता येईल.

मसुदा तयार झाला की नोटिशीचं कलम आधी लोकांसमोर ठेवा. ते मला त्या बाईंना वाचून दाखवायचं आहे.

आपली,
एक मध्यस्थ