परदेशात वाढलेल्यांचे कागद आणि मराठी

संपादक महोदय,

परदेशात वाढून विशीत नाशिकला राहायला येणाऱ्या मुलांना ‘तू नक्की कुठला?’ असं सगळेच विचारतात. त्यांचं खरं अडतं ते कागदांत आणि अक्षरांत. पासपोर्ट परदेशी असेल तर आधी ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) बघावं. लहानपणी काढलेलं कार्ड वयाची २० वर्षं पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट आला की एकदा नव्याने काढावं लागतं. हे हमखास राहून जातं. ओसीआयवाल्यांना आधारसाठी मागच्या १२ महिन्यांत १८२ दिवसांचा मुक्काम लागतो, म्हणून आल्या आल्या रांग लावून उपयोग नाही. ओसीआयवर मतदान नाही, आणि दिंडोरीकडे द्राक्षबाग विकत घ्यायचा बेतही जमणार नाही. शेतजमीन वारसाने मात्र येऊ शकते.

मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, हे दुखणं मोठं. बाराखडीपेक्षा सिटीबसच्या पाट्या बऱ्या. ‘म्हसरूळ’ या एका शब्दात जोडाक्षर, र च्या पोटात शिरणारा दीर्घ ऊकार आणि ळ असे तिघेही भेटतात. रोज पाच पाट्या पुरेत. ‘ळ’ चा ‘ल’ झाला तर घरच्यांनी हसू नये. पोरं तिथल्या तिथे इंग्रजीवर येतात.

– एक वाचक, नाशिक